गुडघ्याचे कलम आणि शेतकऱ्याचे काम

चिखलात पाय रुतलेला असताना अंग एकदम वळते, गुडघ्यात कट्‌कन आवाज होतो आणि काही तासांत गुडघा सुजतो. अशा वेळी पुष्कळदा गुडघ्याच्या आतला पुढचा अस्थिबंध, ज्याला डॉक्टर लिगामेंट म्हणतात, तुटलेला असतो. तो चोळून किंवा ओढून जुळत नाही. आधी तपासणी करून घ्यावी.

तुटला म्हणजे शस्त्रक्रिया हवीच, असे मात्र नाही. स्वीडनमधील १२१ तरुण रुग्णांची पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. एका गटावर लवकर शस्त्रक्रिया केली. दुसऱ्याला आधी व्यायाम दिला आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया. पाच वर्षांनंतरही दुसऱ्या गटातील सुमारे निम्म्यांना तिची गरज पडली नव्हती, आणि दोन्ही गटांचे गुडघे सारखेच चालत होते. पण गुडघा वारंवार निसटत असेल तर दुखणे अंगावर काढू नये; त्याने आतली कूर्चेची गादी फाटते.

१८९५ साली इंग्लंडमध्ये लीड्स येथे मेयो रॉबसन यांनी एका खाणकामगाराचे तुटलेले अस्थिबंध टाके घालून शिवले होते. पण नुसते शिवलेले पुष्कळदा टिकत नाही, असा पुढे अनुभव आला. म्हणून आज बहुधा रुग्णाचीच कंडरा काढून, हाडांत बोगदे पाडून, तिचे कलम बसवतात.

कलम कोठले घ्यावे, येथे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेला दोन्ही टोकांशी हाडाचे तुकडे असतात, म्हणून ती बोगद्यात लवकर धरते. पण पुढे गुडघे टेकताना दुखण्याचा संभव अधिक. मांडीमागच्या कंडरा घेतल्या तर हा त्रास कमी, परंतु गुडघा पूर्ण मुडपताना जोर थोडा घटतो. खेळाडूला जे सोयीचे, ते खुरपणी करणाऱ्या भगिनीला सोयीचे असेलच असे नाही. म्हणून आपण दिवसभर उकिडवे बसतो की गुडघे टेकतो, ओझे वाहतो की औत धरतो, हे शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना सांगावे. न विचारता सांगावे.

आणि कलम बांधल्या दिवशी फळ धरत नाही. पहिले काही महिने ते नाजूक असते. रोजचा व्यायाम आणि धीर, दोन्ही हवेत. वळणाउड्यांचे खेळसुद्धा साधारण नऊ महिन्यांच्या आत खेळू देत नाहीत. पेरणी तोंडावर आली म्हणून पुष्कळजण घाईने शेतात उतरतात. तेव्हा धर्मग्रामातील शेजाऱ्यांनी इर्जिक करून त्या घरची पेरणी उरकून द्यावी. आमच्या मते तोही उपचाराचाच भाग आहे.