ओसरीवरून : आजचे निरंक नाही

गेल्या महिन्यातील एका रविवारी आमच्या कुपवाडच्या घरी पंगत बसली असता एक लहानसा प्रसंग घडला. थोरल्या बंधूंचे चिरंजीव दोन वर्षांपूर्वी परीक्षा उत्तीर्ण होऊन तलाठी झाले. या पदास हल्ली ग्राम महसूल अधिकारी असे भारदस्त नाव मिळाले आहे. परंतु नावाने कामाचा भार हलका होत नाही. आमच्या मातोश्रींनी सहज विचारले, "बाळ, बढती केव्हा रे?" मुलाने हातातील घास खाली ठेवला आणि म्हणाला, "आजी, बढती राहू दे. ही नोकरीच सोडावी असे मनात येते. दिवसभर सह्या, अहवाल, बैठका आणि लोकांची बोलणी. यात सुख कसले?"

पंगत स्तब्ध झाली आणि सर्वांच्या नजरा माझ्याकडे वळल्या; कारण याच खात्यात मी एकतीस वर्षे काढली आहेत.

सनदी सेवेतील थोरांनी आपला विरंगुळा शोधला तो बहुधा कचेरीबाहेर. त्या सेवेत शिरलेले पहिले हिंदी गृहस्थ सत्येंद्रनाथ ठाकूर १८९७ साली साताऱ्याचे न्यायाधीश असताना निवृत्त झाले. त्यांनी आपल्या तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. चिंतामणराव देशमुखांनी अर्थकारणाचा एवढा व्याप सांभाळून कालिदासाचे मेघदूत मराठी पद्यात आणले. परंतु हे भाग्य प्रत्येकाच्या वाट्यास येत नाही. तलाठ्याला सुख लाभावयाचे तर ते त्याच्या टेबलावरच लाभले पाहिजे.

सायंकाळी पुतण्याला ओसरीवर बोलावून मी त्यास एक गोष्ट सांगितली. ती मी आजवर घरात कोणासही सांगितली नव्हती.

नोकरीचे माझे तिसरे वर्ष होते. एक विधवा बाई वारसनोंदीसाठी आली. पतीच्या निधनानंतर जमिनीच्या सातबारावर आपले व मुलांचे नाव लागावे, एवढेच तिचे मागणे. अर्ज व मृत्यूचा दाखला यथास्थित होते. चौकशी करून वारसांच्या नोंदवहीत नोंद घ्यावयाची, फेरफार लिहावयाचा, संबंधितांस नोटीस द्यावयाची, हरकतीसाठी पंधरा दिवस वाट पाहावयाची आणि मग मंडल अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित करावयाची, असा हा क्रम. त्यात माझ्या लेखणीचे काम फार तर अर्ध्या तासाचे. पण तो कागद मी गठ्ठ्याखाली सारला. पैशाची अपेक्षा नव्हती. निव्वळ कंटाळा होता. ती तीनदा आली आणि तीनदा मी "पुढच्या सोमवारी या" म्हणालो. तोवर पेरणी तोंडावर आली. उताऱ्यावर नाव नाही म्हणून पीककर्ज मिळेना. अखेर तिने हातातील पाटल्या सावकाराकडे ठेवल्या. हे तिने सांगितले नाही, गावच्या कोतवालाने सांगितले. पुढे नोंद झाल्यावर मी उतारा तिच्या हाती दिला, तेव्हा तिने तो कपाळास लावला आणि म्हणाली, "साहेब, तुमचे उपकार झाले." शिव्या दिल्या असत्या तर मी विसरलो असतो. ते उपकाराचे शब्द मात्र अद्याप विसरलेलो नाही.

त्या रात्री मी एक लहान वही घातली. रोज निजण्यापूर्वी एकच ओळ लिहावयाची : आज कोणाचे काम पुरे झाले. "वारसनोंद एक, उतारे चार, दाखला एक." काही दिवस केवळ बैठकीत जात, त्या दिवशी "निरंक" लिहावे लागे आणि ते लिहिताना हात जड होई. प्रारंभी ही वही मी प्रायश्चित्त म्हणून लिहीत होतो. वर्षभराने ध्यानात आले की, सायंकाळी त्या ओळीची मी वाट पाहू लागलो आहे! २००५ च्या महापुरात एका शाळेतील निवाऱ्यात रात्रभर याद्या लिहिताना, एका यादीतील आई आणि दुसऱ्या यादीतील तिचे मूल माझ्या नजरेस एकत्र पडले. त्या दिवशीच्या ओळीत फक्त "दोन नावे जुळली" असे आहे. माझ्या बढतीच्या दिवशी वहीत काय लिहिले होते म्हणाल, तर "निरंक"!

आमच्या कुपवाडात तर कागदाचे मोल सांगावयास नको. सांगली व मिरजेच्या शेजारी कारखान्यांची वसाहत उभी राहिली, तसे कामगारांनी पोटास चिमटा घेऊन शेतातील गुंठा-दीड गुंठा घेतला. चाळीस गुंठ्यांचा एकर. त्यातला एक म्हणजे १०८९ चौरस फूट. १९४७ च्या तुकडेबंदीच्या कायद्यामुळे असे तुकडे रीतसर नावावर होईनात. २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला, तेव्हा कित्येकांच्या आयुष्याची कमाई एका शिक्क्यासाठी खोळंबलेली होती. हे सारे कागद आता संगणकावर गेले. पण कागदापलीकडे वाट पाहणारे माणूस होते तेथेच आहे.

पुतण्याने सर्व ऐकून घेतले. नोकरी सोडावी की राहावी, हे मी त्यास सांगितले नाही. तो निर्णय त्याचा. एक कोरी वही मात्र दिली.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कोणी ना कोणी सरकारी नोकरीत असेल. तो घरी आला की आपण बढतीचे विचारतो, बदलीचे विचारतो, पगाराचे विचारतो. त्याने दिवसभर केले काय, हे कोणी विचारीत नाही. मग त्याला तरी ते आठवावे कसे?

आमच्या मातोश्रींनी आपला प्रश्न बदलला आहे. परवा नातवाला दूरध्वनीवर त्या म्हणाल्या, "बाळ, आज कोणाचे काम झाले?" पलीकडे तो क्षणभर थांबला असावा. मग म्हणाला, "आजी, आजचे निरंक नाही."