ओटा आपला, मग व्यवहार कुणाचा?

उन्हाळ कांदा चाळीतून निघून मार्केटला गेला आणि भाव बरा लागला, की आमच्या नामपूरमध्ये घरांची कामं निघतात. कुणी पत्रे काढून स्लॅब टाकतं, कुणी फरशी बदलतं. हल्ली तर बहुतेक घरांतून एकच मागणी असते, ती म्हणजे स्वयंपाकघर नवीन करायचं! ग्रॅनाइटचा ओटा, खाली ट्रॉल्या, भिंतीला टाइल्स, वर कपाटं. मागणी बाईची, हौस बाईची. पण मैत्रिणींनो, व्यवहार कोण करतं?

मिस्तरी दारात आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "मालक आहेत का घरात?" दर मालकांशी ठरतो, उचल मालक देतात, हिशेब मालकांच्या खिशातल्या डायरीत राहतो. बाईने चहा करायचा आणि टाइल्सचा रंग सांगायचा, एवढाच तिचा सहभाग! खरं तर त्या ओट्यापुढे पुढची वीस वर्षं रोज पाच-सहा तास तीच उभी राहणार असते. माझं म्हणणं साधं आहे. स्वयंपाकघराचं काम बाईनेच ठरवावं, तिनेच कागदावर घ्यावं, पैसेही तिच्या हातून जावेत. आणि ते पूर्ण, वेळेवर जावेत.

काही जणी म्हणतील, त्यात काय एवढं? नवरा काय वाईट करणार आहे? वाईट कुणीच करत नाही, पण उंचीचंच बघा. गवंडी आपल्या सवयीने ओटा बांधून मोकळा होतो. आमच्या बचत गटातल्या एका ठेंगण्या मैत्रिणीच्या घरी ओटा एवढा उंच झाला, की पोळ्या लाटताना ती पाटावर उभी राहते! कुणी तिला विचारलंच नव्हतं. ओट्याची उंची साधारण ३२ ते ३६ इंच ठेवतात. पण खरं माप आपल्या कोपराचं. हात कोपरात दुमडून उभं राहावं आणि कोपराच्या तीन-चार इंच खाली ओटा यावा. हे माप नवऱ्याच्या कोपरावरून कसं निघेल?

स्वयंपाकघराचा असा विचार बाईने केला तर काय होतं, याचं एक उदाहरण सांगते. १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात कामगारांसाठी हजारो घरं बांधली जात होती. मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी त्या घरांसाठी स्वयंपाकघर आखलं. चुलीपासून धुण्याच्या जागेपर्यंत बाईची किती पावलं पडतात, किती वेळ जातो, याचा त्यांनी हिशेब मांडला आणि आगगाडीतल्या डायनिंग कारचं छोटं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर ठेवलं. आज आपण जिला ट्रॉल्यांची, मॉड्युलर फॅशन म्हणतो, तिचं मूळ तिथे आहे. फॅशन आपण उचलली, पावलं मोजायचं मात्र विसरलो.

आता व्यवहाराचं बघू. बहुतेक भांडणं दरावरून होत नाहीत, दर कशाचा ते न ठरल्यामुळे होतात. उदाहरणापुरता आकडा घ्या. "पंधराशेने करून देतो ताई," असं सुतार म्हणाला. पंधराशे कशाचे? ओटा १० फूट लांब आणि खालची ट्रॉल्यांची उंची अडीच फूट असेल, तर रनिंग फुटाने १५,००० रुपये होतात. तोच दर चौरस फुटाचा असेल, तर २५ चौरस फुटांचे ३७,५०० होतात! सुतार खोटं बोलला नाही, आपणही खोटं बोललो नाही. पण शेवटच्या दिवशी दोघंही एकमेकांना लबाड म्हणणार. ग्रॅनाइटची कडा गोल करणं, सिंकसाठी भोक पाडणं, जुना ओटा फोडून मलबा उचलणं, हे सगळं दरात धरलंय की वेगळं, तेही आधीच विचारायला हवं.

म्हणून एक वहीचं पान घ्यावं. काम अंगावर दिलंय की रोजाने, ते लिहावं. माल आपला की त्यांचा, ते लिहावं. प्लायवर कोणता मार्क आहे तेही बघून लिहावं. साध्या वापराच्या प्लायला आयएस ३०३ आणि मरीन प्लायला आयएस ७१० असा क्रमांक असतो. सिंकखाली साधा प्लाय लावला, तर पाण्याने फुगून दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे निघालेच म्हणून समजा. ट्रॉली स्टीलची असेल तर ३०४ ग्रेडची की २०२ ची, ते बिलावर यावं. २०२ ला गंज लवकर धरतो. गवंडी, प्लंबर, वायरमन, सुतार यांचा क्रमही ठरवून घ्यावा. मिक्सरचा, फ्रिजचा पॉइंट आणि पाण्याची लाइन टाइल्स लागायच्या आधी झाली पाहिजे. नाही तर नवीन टाइल फोडण्याचा खर्च आहेच! पानाखाली दोघांच्या सह्या कराव्यात. सुतार राजस्थानचा असो की गल्लीतला, सही मागितल्याने कुणाचा अपमान होत नाही.

पैसे टप्प्याने द्यावेत. उचल एकूण रकमेच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. माल घरात उतरला की एक हप्ता, ओटा आणि ट्रॉल्या बसल्या की दुसरा. शेवटचा दहावा हिस्सा आठ-दहा दिवस वापरून, नळ गळतो का, ट्रॉली अडते का, हे पाहून द्यावा. प्रत्येक रक्कम वहीत तारखेसह लिहावी किंवा फोनवरून पाठवावी, म्हणजे पुरावा राहतो.

माल दुकानातून घेतला असेल तर पक्कं बिल हवंच. सटाण्याला, मालेगावला घेतला काय किंवा नाशिकला, "बिलाशिवाय घ्या, स्वस्त पडेल" हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. ते स्वस्त नसतं, बाई! २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. पण हातात कागदच नसेल, तर कायदा तरी काय करणार?

हे झालं आपल्या बाजूचं. आता दुसरी बाजू, आणि ती जास्त टोचणारी आहे.

शेवटचा हप्ता लांबवणं ही आपल्याकडची सभ्य लबाडी आहे. "पुढच्या बाजाराला ये," "कांद्याची पट्टी आली की देतो," असं म्हणत म्हणत तीन महिने काढायचे. मग तो माणूस कंटाळून यायचा बंद झाला, की आपण पैसे वाचवले म्हणून खूश! शेतमालाची पट्टी व्यापाऱ्याने थकवली तर आपल्या घरात केवढा संताप होतो. मग सुताराची मजुरी थकवताना तो संताप कुठे जातो? दोष असेल तर दाखवावा, दुरुस्त करून घ्यावा, पण काम नीट झालं असेल तर ठरलेल्या दिवशी पैसे मोजावेत.

मलबा उचलणाऱ्या, वाळूची पाटी वाहणाऱ्या बाईची हजेरी आपण किती लावतो? शेजारी तेच काम करणाऱ्या गड्यापेक्षा कमी! समान कामाला समान वेतन हा कायदा १९७६ सालीच झाला, आता तो २०१९ च्या वेतन संहितेत सामावला आहे. पण मजूर आमच्या दारात आली की आम्ही बायकाच म्हणतो, "बाईला एवढे कशाला?" महिला दिनाला हार घालायचे आणि आपल्याच अंगणात हे करायचं, हे मला पटत नाही. तिला उन्हात वेगळ्या कपात चहा देणं, संडास वापरू न देणं, हेही त्यातलंच.

आणखी एक काम आपल्या हातून सहज होण्यासारखं आहे. बांधकाम कामगारांसाठी राज्यात कल्याणकारी मंडळ आहे. मुलांच्या शिक्षणाला, आजारपणाला, अपघाताला तिथून मदत मिळते. नोंदणीसाठी वय १८ ते ६० हवं आणि वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. गवंडी, प्लंबर यांच्याबरोबर बिगारी बाईलाही तिथे नोंदणी करता येते. तिला फॉर्म भरून द्यायला आपल्या दहावी-बारावीच्या मुलामुलींना बसवावं. त्यांनाही व्यवहार कळेल.

आणि "मालक आहेत का?" या प्रश्नाचं काय? २००३ साली राज्य शासनाने निर्णय काढला, की खेड्यातल्या घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे व्हावी. आपल्या आठ नंबरच्या उताऱ्यावर आपलं नाव आहे का, ते एकदा ग्रामपंचायतीत जाऊन बघा. नसेल तर घरात विषय काढा. स्वयंपाकघराच्या खर्चाची चर्चा निघाली, तर त्यासारखी दुसरी वेळ नाही.

घरातल्यांशी भांडा असं मी म्हणत नाही. उलट दोघांनी बसून हिशेब केला तर काम चांगलंच होतं. फक्त टेप बाईच्या हातात असावी, वही तिच्याजवळ असावी आणि शेवटची नोट मिस्तरीच्या हातावर तिने ठेवावी. बघा, पटतंय का!