यंत्राला बुद्धी आली, पुढे काय?

हल्ली दोन माणसे चहाला एकत्र बसली की बोलणे कृत्रिम बुद्धिमत्तेवर येते, आणि त्यांत एखादा दर्शनांचे थोडेफार वाचलेला असला तर दहा मिनिटांत ते आत्म्यापर्यंत जाऊन पोहोचते. आमच्या बडोद्यातही हीच हवा आहे. गेल्या वर्षभरात इथल्या व्याख्यानमालांतून ह्या विषयावरची तीन भाषणे मी ऐकली. तिन्ही वक्ते विद्वान, आणि तिघेही शेवटी एकाच ठिकाणी आले : चराचरात चैतन्य भरलेले आहे, तर मग यंत्रातच ते का नसावे? टाळ्या पडल्या. पडोत. पण मी गाणे शिकवणारा माणूस. 'सगळे स्वर सारखेच' असे म्हणून आमच्या धंद्यात चालत नाही. कोमल रिषभ भैरवात कुठे लागतो आणि मारव्यात कुठे, एवढ्यासाठी आम्ही वर्षे घालवतो. चैतन्य सर्वत्र आहे म्हटल्यावर ते खुर्चीत आहे, वरवंट्यात आहे आणि यंत्रातही आहे. मग यंत्राबद्दल नवे असे काय सांगितले?

ह्या प्रश्नाने पाश्चात्य जग हादरले ह्याचे कारण त्यांच्या घरातले आहे. देकार्तने १६३७ साली लिहिले, की शब्द उच्चारणारे यंत्र एक वेळ करता येईल, पण समोरचा जे बोलेल त्याचा अर्थ धरून उत्तर देणारे यंत्र होणार नाही. कारण त्याला विवेकी आत्मा लागतो. म्हणजे विचार करणे आणि आत्मा असणे ह्यांची गाठ त्याने एकदा पक्की मारली. पुढे १९५० साली ॲलन ट्युरिंग ह्या इंग्रज गणितज्ञाने 'यंत्राला विचार करता येईल काय?' हा प्रश्न घेतला, तेव्हा त्याने विचारात घेतलेला पहिलाच आक्षेप हा होता, की विचार हा अमर आत्म्याचा धर्म आहे आणि तो ईश्वराने माणसालाच दिला आहे. आज यंत्र उत्तर देते, आणि बहुधा अर्थाला धरून देते. देकार्तची कसोटी मोडली, तेव्हा आत्म्याचे काय, ही धास्ती तिकडे साहजिक आहे.

आपल्याकडे ती गाठ तशी मारलेलीच नव्हती. सांख्यांकडे पाहा. मन, अहंकार आणि खुद्द बुद्धी ही त्यांच्या हिशेबी प्रकृतीची कार्ये, म्हणजे जड. चेतन तो एकटा पुरुष, आणि तो काहीच करीत नाही, नुसता पाहतो. निश्चय करणे, निवडणे, 'हे मी केले' म्हणणे हा सगळा व्यापार जडाचा; पुरुषाच्या सान्निध्यामुळे तो चेतनासारखा भासतो इतकेच. ह्या दृष्टीने यंत्राने गणित सोडवले, पद्य जुळवले, वकिली नोटीस लिहिली, तर आश्चर्य वाटावे. धक्का बसण्याचे कारण नाही. जडाने जडाचे काम केले. आमचे वक्ते ज्या उपनिषदांचा आधार घेत होते त्यांच्या शेजारीच हे दर्शन उभे आहे, आणि त्याचा निष्कर्ष त्यांच्या उलट पडतो : यंत्राला बुद्धी आली, म्हणून चैतन्याबद्दल काहीएक सिद्ध होत नाही.

चैतन्य जडातूनच उपजते असे म्हणणारेही आपल्याकडे होते. चार्वाकांचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे : दारूच्या एकेका घटकात मद नसतो, पण ते एकत्र येऊन आंबले की मद येतो, तसे भूतांच्या मिश्रणातून चैतन्य येते. यंत्र पुरेसे मोठे झाले की आपोआप जागे होईल असे सांगणारे काही अभियंते आज नेमके हेच म्हणत आहेत. त्यांना चार्वाक म्हटले तर ते रागावणार नाहीत. पण त्यांच्याच बोलण्याला वेदान्त समजून भगवी शाल घालणारे आमचे वक्ते मात्र रागावतील.

गूगलमधल्या ब्लेक लेमॉइन ह्या अभियंत्याचे प्रकरण पुष्कळांना आठवत असेल. २०२२ च्या जूनमध्ये त्याने जाहीर केले, की आपण ज्याच्याशी बोलत होतो त्या यंत्राला स्वतःची जाणीव आहे. त्याला आधी रजेवर पाठवले आणि पुढच्याच महिन्यात काढून टाकले. आपले हे मत धर्मश्रद्धेतून आले आहे, हे त्याने स्वतःच सांगितले होते. हा प्रामाणिकपणा मला आवडला. आता रोमकडे पाहू. व्हॅटिकनने २०२५ च्या जानेवारीत ह्या विषयावर मोठे टिपण काढले. त्यातला मुद्दा असा, की ह्या यंत्रणेला मानवी बुद्धीचे कृत्रिम रूप मानू नये. ती त्या बुद्धीची निर्मिती आहे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात निवडून आलेल्या पोपनी लिओ हे नाव घेतले, आणि त्याचे कारण देताना १८९१ सालच्या कामगारांविषयीच्या धर्मपत्राची आठवण करून दिली. तेराव्या लिओपुढे कारखाने होते, चौदाव्यापुढे ही यंत्रे आहेत. ख्रिस्ती धर्मपीठाशी आपले तत्त्वज्ञान जुळो न जुळो, ह्या प्रश्नात पोटापाण्याची बाजू आहे हे त्यांनी ओळखले. आमच्या तिन्ही व्याख्यानांत पोटापाण्याचा शब्द नव्हता. लग्नसमारंभात आणि नाटकाला साथ करून घर चालवणाऱ्या वादकांना मात्र तो आठवण करून द्यावा लागत नाही.

माझ्या मते आपल्या परंपरेतला आज उपयोगी पडणारा विचार चैतन्याचा नव्हेच, प्रमाणाचा आहे. नैयायिकांनी शब्दाला प्रमाण मानले, पण कोणाच्याही शब्दाला नव्हे, आप्ताच्या. वात्स्यायनाच्या भाष्याप्रमाणे आप्त म्हणजे ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे, आणि जशी जाणली तशी दुसऱ्याला सांगावी अशी ज्याची इच्छा आहे तो. जात-कुळाची अट नाही. ऋषी, आर्य, म्लेच्छ सर्वांना एकच लक्षण. ह्या लक्षणावर यंत्र घासून पाहा. त्याने काही जाणलेले नाही, वाचलेल्या शब्दांवरून पुढचा शब्द कोणता येण्याजोगा आहे ते तो काढतो. सांगण्याची इच्छाही त्याला नाही. तेव्हा त्याचे बोलणे खरे ठरले तरी ते प्रमाण होत नाही. पंचांग पाहून ग्रहण सांगणाऱ्या पोपटाइतकाच त्याचा अधिकार.

हा शब्दच्छल नव्हे. २०२३ साली आपल्याकडे भगवद्गीतेच्या नावाने उत्तरे देणारी अशी यंत्रे निघाली आणि लाखो लोक त्यांना आपली दुःखे विचारू लागले. धर्मासाठी कोणाला मारावे काय, ह्यावर त्यांतल्या काहींनी होकार दिल्याचे त्याच वर्षी वृत्तपत्रांत आले. क्योतोच्या कोदाइजी मंदिरात २०१९ पासून कान्नोन ह्या करुणेच्या देवतेचा यांत्रिक पुतळा प्रवचन करतो. पण तिथे भिक्षूंनी ठरवून दिलेले प्रवचनच ऐकू येते, आणि चुकले तर विचारायला मंदिर आहे. गीतेच्या यंत्राला विचारून मुलगा घरी भांडला, तर आईने कोणाच्या दाराशी जायचे?

आता माझ्या गावाकडे येतो, म्हणजे गळ्याकडे. माझे वडील वाड्यावरच्या गवयांच्या घरातले. लहानपणी दरबारात तंबोऱ्यावर बसत आणि १९४९ साली संस्थान विलीन झाल्यावरही सणावाराला वाड्यावर गात. त्यांनी शास्त्राचे एकच पुस्तक मला नीट वाचायला लावले, ते शार्ङ्गदेवाचे संगीतरत्नाकर. देवगिरीच्या यादवांकडे हिशेबखात्यात अधिकारी असलेला हा माणूस. त्याच्या ग्रंथात स्वरांच्या आधी एक प्रकरण येते त्यात चक्क गर्भाची वाढ महिन्यामहिन्याने सांगितली आहे. लहानपणी मला ते अस्थानी वाटे. पुढे तो म्हणतो : आत्म्याला बोलावेसे वाटते, तो मनाला प्रेरतो, मन देहातल्या अग्नीला डिवचते, अग्नी वायूला ढकलतो, आणि तो वायू नाभी, हृदय, कंठ चढत नाद होतो. आजच्या शरीरशास्त्राला हे पटणार नाही; पण नादाचा आरंभ तो 'वाटण्या'त ठेवतो आणि त्याची वाट देहातून नेतो, एवढे घेतले तरी पुरे.

यंत्राने काढलेला यमनचा आलाप मी ऐकला आहे. गंधार चोख होता, तीव्र मध्यमही. दम कुठेच लागत नव्हता. गवई निषादावर थांबतो तेव्हा षड्ज घ्यायचा की नाही हे निम्मे त्याच्या छातीत उरलेला वारा ठरवतो. तिथे तो प्रश्नच नव्हता, म्हणून थांबणेही नव्हते.

दुसरी गोष्ट नावाची. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहरजानने तबकड्या भरल्या, तेव्हा गाणे संपताच तिने स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारले. तबकड्या छापणार जर्मनीत; तिथल्या कारागिराला गाणारी कोण ते कळावे म्हणून ही युक्ती. यंत्राने पहिल्यांदा आवाज उचलला तेव्हा त्याला नाव चिकटवून घेतले होते. २०२४ साली ए. आर. रहमान यांनी शाहुल हमीद आणि बंबा बक्या ह्या दिवंगत गायकांचे आवाज यंत्राने उभे केले, पण घरच्यांची परवानगी घेऊन, मोबदला देऊन आणि नावे सांगून. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंगचा आवाज त्याच्या संमतीवाचून यंत्रात घालण्यास मनाई केली. कोर्टाने आत्म्याचा प्रश्न काढला नाही. आवाज कोणाचा, एवढेच विचारले. व्याख्यानमालांपेक्षा मला त्यात अधिक तत्त्वज्ञान दिसले.

माझ्या वर्गात फोनवरचा तंबोरा चालतो, आणि सूर किती उतरला ते दाखवणारे साधनही चालते. ते अचूक असते आणि माझ्यासारखे चिडत नाही. अट बंदिशीपुरती आहे : कोणाकडून ऐकली ते वहीत लिहायचे. मागच्या पावसाळ्यात एका हुशार मुलीने बागेश्रीतली एक चीज आणली, वर 'सदारंग' असे लिहून. शब्द गोड होते, पण मी ती कुठे ऐकली नव्हती, माझ्या वडिलांच्या वह्यांतही नव्हती. तिने यंत्राकडून घेतली होती. आम्ही दोघांनी बसून त्यालाच विचारले, की ही तुला कुठे मिळाली. त्याने फार नम्रपणे क्षमा मागितली आणि सांगितले, की चीज सदारंगाची नसून अदारंगाची आहे.