टॉर्क पुष्कळ, पण ढकलणार कशाच्या जोरावर?

हॉस्टेलवर तीन विषय निघाले की रात्रीचा दीड वाजतोच. क्रिकेट, मेसची भाजी आणि गाड्या! गेल्या डिसेंबरात तिसऱ्या विषयाला चांगलंच निमित्त मिळालं. आमचा एक सीनियर अमेरिकेत बफेलोजवळ नोकरी करतो. त्याने विंगमधल्या सगळ्यांना विचारलं, "पिकअप घेतोय. रोज ऑफिसला न्यायची आणि हिवाळ्यात पुढे प्लाऊ लावून बर्फ काढायचा. डिझेल घेऊ की पेट्रोल?"

एका मिनिटात निकाल लागला. "डिझेल! दादा, यात विचारायचं काय?" ओरडणाऱ्यांत मीसुद्धा होतो. दुसऱ्या दिवशी सबमिशन बाजूला ठेवून कागद-पेन्सिल घेऊन बसलो, आणि माझं मत बदललं. ते का बदललं, एवढंच सांगायचं आहे.

आधी तिथली परिस्थिती. बफेलो हे ईरी सरोवराच्या पूर्व टोकाला आहे. थंड वारा लांबलचक सरोवरावरून येताना बाष्प उचलतो आणि किनाऱ्यावर आल्यावर ते बर्फ म्हणून ओततो. वर्षाची सरासरी सुमारे ९५ इंच. नोव्हेंबर २०२२ मध्ये जवळच्या ऑर्चर्ड पार्कला एकाच वादळात ८० इंचांच्या आसपास बर्फ पडला, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यावरून! दादाच्या घरापासून रस्त्यापर्यंतची वाट २० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद. फूटभर ताजा बर्फ पडला तर ३० घनमीटर झाला. घनमीटरला १०० किलो धरले, तरी तीन टन. शेजारी दोन वयस्कर कुटुंबं आहेत, त्यांचीही वाट हा काढून देतो. म्हणजे फावड्याचं काम नव्हे, हे मान्य.

यासाठी तिकडे फोर्ड एफ-२५०, रॅम २५०० किंवा शेवरोले सिल्वरॅडो २५०० अशा दणकट पिकअप घेतात. पुढे आठ फुटी पातं, ते वर-खाली आणि डावी-उजवीकडे करायला बॅटरीवर चालणारा हायड्रॉलिक पंप.

आता डिझेलवाल्यांचा हुकमी एक्का म्हणजे टॉर्क. फोर्डच्या ६.७ लिटर डिझेलचा टॉर्क १४०० न्यूटन-मीटरच्या वर जातो. ७.३ लिटर पेट्रोलचा साधारण ६४०. दुपटीहून जास्त! इथेच आपण सगळे घसरतो. बर्फ इंजिन ढकलत नाही, टायर ढकलतात. प्लाऊ आणि मागचं वजन धरून गाडी ३५०० किलोची समजू. दाबलेल्या बर्फावर घर्षणाचा गुणांक ०.२५ धरू. चारही चाकं फिरत असली तरी जमिनीवर मिळणारा जोर साडेआठ किलोन्यूटनच्या आसपास. त्यापुढे चाकं जागेवर फिरणार.

पेट्रोल इंजिन किती देतं? टॉर्क ६४०, पहिला गिअर साधारण ४.५, ॲक्सलचं गुणोत्तर ३.७३, चाकाची त्रिज्या ०.४ मीटर. गुणाकार-भागाकार करा, २६ किलोन्यूटनच्या वर उत्तर येतं. कमी आरपीएमला टॉर्क निम्माच मिळाला असं धरलं तरी १३. लो-रेंज तर अजून वापरलेलीच नाही! म्हणजे पेट्रोल इंजिनच टायरला पेलवत नाही, डिझेलचा जादा टॉर्क कुठे वापरणार? फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्सचं गणित आहे हे. पण ब्रोशर हातात आलं की आपण फर्स्ट इयर विसरतो.

दुसरा मुद्दा वजनाचा. ३५० किलोचा प्लाऊ पुढच्या ॲक्सलच्या पुढे सव्वा मीटरवर लटकतो. व्हीलबेस चार मीटर. मोमेंट घेतले तर पुढच्या ॲक्सलवर ३५० नाही, सुमारे ४६० किलो येतात आणि मागचा ॲक्सल ११० किलोने हलका होतो. म्हणून तर प्लाऊवाले मागे वाळूची पोती टाकतात. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा दोनशे किलोच्या आसपास जड, आणि तेही बरोबर पुढच्याच ॲक्सलवर. ॲक्सलची मर्यादा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर छापलेली असते. ती न वाचता प्लाऊ चढवला की बॉल जॉइंट, बेअरिंग आणि स्प्रिंग आपापलं बिल पाठवतात.

तिसरा आणि माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा रोजच्या वापराचा. दादाचं ऑफिस नऊ किलोमीटरवर. बारा-पंधरा मिनिटं. अमेरिकेत २००७ पासून नव्या डिझेल पिकअपच्या एक्झॉस्टमध्ये काजळी पकडणारा डीपीएफ आला आणि २०१० च्या नियमांनंतर युरियाचं द्रावणही. डीपीएफमध्ये साठलेली काजळी जाळायला एक्झॉस्ट ५५० ते ६०० अंशांपर्यंत तापवावा लागतो, आणि तो तसाच काही वेळ टिकावा लागतो. बाहेर उणे दहा, प्रवास बारा मिनिटांचा, तर इंजिन कोमट व्हायच्या आत ऑफिस येतं! जाळणी अर्धवट राहते, पुन्हा सुरू होते, पुन्हा अर्धवट. त्यासाठी जादा सोडलेलं डिझेल थोडं थोडं इंजिन ऑइलमध्ये उतरतं. शिवाय कडक थंडीत डिझेलमधलं मेण गोठतं, म्हणून हिवाळी डिझेल आणि रात्री ब्लॉक हीटर लावायचा. युरियाचं द्रावण उणे ११ ला गोठतं, म्हणून त्याच्या टाकीलाही हीटर. या सगळ्यावर उपाय आहेत, नाही असं नाही. पण सुमारे दहा हजार डॉलर जास्त मोजून हे उपाय विकत का घ्यायचे? आणि तेही एज्युकेशन लोनचे हप्ते चालू असताना?

डिझेल वाईट आहे असं मी म्हणत नाही. कोणी आठवड्यातून चार दिवस पाच-सहा टनांचा ट्रेलर ओढत असेल, घाट उतरताना एक्झॉस्ट ब्रेक लागत असेल, वर्षाला पन्नास-साठ हजार किलोमीटर हायवेवर पळत असेल, तर त्याने डोळे मिटून डिझेल घ्यावं. तिथे इंजिन तापतं, डीपीएफ साफ राहतो, मायलेजमधून पैसे वसूल होतात. रात्रभर पार्किंगचे मैदान साफ करणाऱ्या आणि दिवसा अवजड यंत्रं ओढणाऱ्या कंत्राटदाराचं गणितच वेगळं. प्रश्न इंधनाचा नाही, कामाचा आहे.

आता जरा कडू बोलतो. त्या रात्री कोणीतरी म्हणालंच, "डीपीएफचा त्रास होतो ना? मग काढून टाकायचा, कोड मारायचा!" सगळे हसले. पण हे विनोदाचं प्रकरण नाही. रॅम पिकअपच्या डिझेल इंजिनांत प्रदूषण चाचणीला चकवणारं सॉफ्टवेअर असल्याचा आरोप कमिन्सवर झाला. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने १६७.५ कोटी डॉलर दंड मान्य केला. अमेरिकेच्या क्लीन एअर ॲक्टखाली एवढा मोठा दिवाणी दंड त्याआधी झाला नव्हता. कंपनीने गैरहेतू कबूल केला नाही, पण दंड भरला. कमिन्स हे नाव आपल्याला परकं नाही. १९६२ साली पुण्यात किर्लोस्कर-कमिन्स सुरू झाली, आणि कॅम्पसला ती कंपनी आली की आपण इस्त्रीचा शर्ट शोधतो. उद्या तो कोड लिहायला आपल्यापैकीच कोणीतरी बसणार आहे. तेव्हा हसायचं की नाही म्हणायचं, हे आत्ताच ठरवलेलं बरं.

आणि हे फक्त बर्फाच्या देशातलं नाही बरं का! एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ आलं, डिझेल गाड्यांत डीपीएफ आले. नाशिकला माझ्या काकांनी मोठ्या हौसेने डिझेल एसयूव्ही घेतली. वापर काय, तर घर ते बँक, चार किलोमीटर. आठ महिन्यांत डॅशबोर्डवर दिवा लागला. ओळखीच्या गॅरेजवाल्याने लगेच सांगितलं, "काढून टाकू साहेब, कटकटच मिटेल." काकांनी मला फोन केला, "तू इंजिनिअर होतोयस ना, सांग काय करू?" मी सांगितलं, "काका, काढू नका. ते बेकायदा आहे आणि तो धूर आपल्याच गल्लीत राहणार. दर रविवारी काकूंना घेऊन हायवेला तासभर जाऊन या." काकूंना सल्ला फारच आवडला! पण खरं सांगायचं तर त्यांना ती गाडी नकोच होती. कोणीतरी "डिझेलच घे" म्हणालं, आणि त्यांनी घेतली.

दादाला मी हा सगळा हिशोब लिहून पाठवला. त्याने कारखान्यातूनच प्लाऊची तयारी करून मिळणारी, म्हणजे पुढे जड स्प्रिंग आणि मोठा अल्टरनेटर असलेली पेट्रोल पिकअप घेतली. वाचलेल्या पैशांतला थोडा भाग चांगल्या स्नो टायरवर घातला. विंगमधली पोरं अजून म्हणतात, "पेट्रोल? काय राव, इज्जत घालवली!"

फेब्रुवारीत त्याचा निरोप आला. पहाटे पाचला उठून तिन्ही घरांच्या वाटा मोकळ्या केल्या, शेजारच्या आजोबांना डायलिसिसला वेळेवर जाता आलं, आणि आठला तो ऑफिसात होता. टॉर्क किती लागला, ते काही त्याने लिहिलं नव्हतं.