लायसन जप्त झाले, बाजू मांडायचा हक्क नाही



कापूस जिनिंगला टाकून परतताना ट्रॅक्टर अडवला, तोंडाला यंत्र लावले आणि लायसन काढून घेतले. असे झाले की गावात दोनच सल्ले मिळतात : 'एजंटाला गाठ' नाहीतर 'गप्प बस.' आमच्या मते दोन्ही सल्ले नुकसानीचे आहेत.

आधी स्वच्छ बोलू. दारू पिऊन ट्रॅक्टर हाकणाऱ्याची वकिली आम्ही करणार नाही. ट्रॉलीत वेचणीच्या बाया असतात, रस्त्यावर शाळेची पोरे असतात. १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य निघाले, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होते. ही शिक्षा योग्यच आहे.

पण शिक्षा कायद्याने व्हावी, साहेबाच्या मर्जीने नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीपासून अशा प्रकरणात पोलीस लायसन जप्त करून आरटीओकडे पाठवतात. त्याची पोच मागून घ्या. मात्र त्या पोचेवर गाडी चालवता येत नाही, हे ध्यानात ठेवा. अटक झाली तर दोन तासांत डॉक्टरी तपासणी झाली पाहिजे. नाही झाली तर कोठडीतून सोडावे लागते.

लायसन निलंबित करणे हे नाक्यावरच्या शिपायाचे काम नाही. कलम १९ सांगते की परवाना अधिकाऱ्याने आधी तुमचे म्हणणे ऐकावे आणि आदेशात कारणे लिहावीत. सुनावणीची नोटीस आली की हजर राहा. तपासणीच्या कागदावर नाव, वेळ, आकडा बरोबर आहे का ते पाहा. चूक असेल तर लेखी द्या, शिक्क्यासह पोच घ्या. कोऱ्या कागदावर सही करू नका.

आदेश अन्यायाचा वाटला तर तो हातात पडल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते. अपिलाचा निकाल अंतिम असतो, म्हणून कागद पक्के करूनच जा. एजंटाच्या नादात तीस दिवस निघून गेले तर मग दार बंद होते. निलंबनाच्या काळात चोरून ट्रॅक्टर काढला तर तो वेगळा गुन्हा होतो.

जो प्यायला, त्याने शिक्षा भोगावी. जो प्यायलाच नाही, त्याने चिरीमिरी देऊन गुन्हेगार का व्हावे? हक्क मागायचा तर ताठ मानेने आणि शुद्धीवर राहून मागू.