चष्मा फोनची जागा घेईल काय?

रात्रीच्या एस.टी.ने जाताना खिडकीची काच लावलेली असली की एक गंमत दिसते. बाहेर अंधारातली झाडे, दूर एखाद्या वाडीवरचा दिवा आणि त्या सर्वांवर तरंगणारा आपलाच चेहरा! सकाळी त्याच काचेतून पाहा. झाडे दिसतात, चेहरा मात्र नाहीसा झालेला असतो.

खरे म्हणजे तो कुठेच गेलेला नसतो. साधी काच तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा सात-आठ भाग परत पाठवते. बाहेर अंधार असला की तेवढा प्रकाश पुरतो. दिवसा मात्र बाहेरच्या उजेडात तो बुडून जातो. ही खिडकी ध्यानात ठेवा. हल्ली ज्या चष्म्यांची इतकी चर्चा चालते, त्यांचे निम्मे भवितव्य तिच्यात दडलेले आहे.

हे चष्मे 'संवर्धित वास्तव', म्हणजे ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी, दाखवणारे. समोरचा रस्ता तर दिसतोच, शिवाय कोठे वळायचे तो बाणही रस्त्यावरच दिसतो. कल्पना तशी जुनी आहे. १९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर चढवायचे एक यंत्र तयार केले. त्यात दोन लहानशा चित्रनलिका आणि अर्धपारदर्शक आरसे होते. ते इतके अवजड होते की छताला टांगावे लागे, आणि एवढा खटाटोप करून दिसे काय, तर हवेत तरंगणारा नुसत्या रेषांचा ठोकळा! पुढे २०१३ साली गूगल कंपनीने 'ग्लास' नावाचा चष्मा १,५०० डॉलरला निवडक लोकांना दिला. जानेवारी २०१५ मध्ये ती विक्री थांबली. सप्टेंबर २०२५ मध्ये मेटा कंपनीने ७९९ डॉलरचा नवा चष्मा अमेरिकेत आणला. फोननंतर घरोघरी पोचणारी वस्तू हीच, असे अनेक जाणकार सांगू लागले आहेत. मला ते पटत नाही.

आता एक प्रयोग करा. या मासिकाचे पान डोळ्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरा. एक अक्षर तरी वाचता येते का? नाही ना? इतक्या जवळचे पाहण्यासाठी आपला डोळा बनलेलाच नाही. म्हणून चष्म्यातील इवल्याशा पडद्याचे चित्र आधी भिंगातून न्यावे लागते. त्याचे किरण जवळजवळ समांतर होतात आणि चित्र दूर असल्याचा भास होतो. मग ते किरण काचेच्या पातळ पट्टीत एका कडेने शिरतात, संपूर्ण अंतर्गत परावर्तनाने आतल्या आत उड्या मारत पुढे सरकतात आणि पट्टीवरील अतिसूक्ष्म रेघांमुळे डोळ्याकडे वळतात. युक्ती सुंदर आहे! पण या प्रवासात बराचसा प्रकाश वाटेतच हरवतो. जो उरतो त्याची गाठ वैशाखातल्या उन्हाशी. आपण उन्हात फोनवर हाताची सावली धरतो. डोळ्यांवरच्या काचेला सावली कशी धरणार? शिवाय अशी काच दृश्यात प्रकाशाची भर घालू शकते, दृश्यातला प्रकाश काढून घेऊ शकत नाही. म्हणून तिच्यावर काळा रंग दाखवताच येत नाही.

चित्र तरी केवढे? हात लांब करून वीत ताणा. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत डोळ्याशी सुमारे २० अंशांचा कोन होतो. मेटाच्या त्या चष्म्यातील चित्र एवढेच, तेही फक्त उजव्या भिंगात. दोन्ही डोळ्यांनी आपण आडवे जवळजवळ २०० अंश पाहतो. जाहिरातीत मात्र सारी खोली चित्रांनी भरलेली असते.

आता थोडे गणित करू. आजची चांगली लिथियम-आयन बॅटरी एका किलोत साधारण २५० वॅट-तास ऊर्जा साठवते, म्हणजे एका ग्रॅमला पाव वॅट-तास. साधा चष्मा २५-३० ग्रॅमचा असतो. त्यात १० ग्रॅमची बॅटरी बसवली, तर अडीच वॅट-तास मिळाले. घरातला १० वॅटचा दिवा त्यावर पाव तास चालेल! पडदा, कॅमेरा, संदेश पाठवणारी यंत्रणा आणि गणकाची चिप मिळून केवळ एक वॅट खात असतील, तरी अडीच तासांत खेळ खलास. बॅटरी वाढवावी, तर भार नाकाला. आणि खर्च झालेली ऊर्जा उष्णता होऊन कानशिलाशीच बाहेर पडणार. मेटाने २०२४ साली 'ओरायन' नावाचा नमुना दाखवला. त्यात चित्र ७० अंशांचे होते. पण चष्म्याचे वजन ९८ ग्रॅम झाले, आणि गणकाचा मोठा भाग वेगळ्या डबीत घालून खिशात ठेवावा लागला. खिशात डबी ठेवायचीच, तर फोन काय वाईट?

यावर तुमच्यापैकी कोणी म्हणेल, "पहिले फोनही अवजडच होते की!" प्रश्न रास्त आहे. १९८३ साली आलेला मोटोरोलाचा हातफोन पाऊण किलोहून जड होता आणि किंमत जवळजवळ ४,००० डॉलर होती. तो हलका आणि स्वस्त झाला याचे मोठे कारण म्हणजे ट्रान्झिस्टर लहान होत गेले. बॅटरीचे तसे नाही. १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली, तेव्हापासून तिची साठवण तिपटीच्या आसपासच वाढली. त्याच काळात एका चिपवरील ट्रान्झिस्टर दहा-बारा लाखांवरून हजारो कोटींवर गेले. आणखी एक फरक आहे. फोन नव्हता तेव्हा वाटेत असलेल्या माणसाशी बोलताच येत नसे. चष्मा जे देऊ करतो, त्यातले बहुतेक खिशातला फोन आधीच देतो.

माझी खरी हरकत मात्र वजनाची नाही. फोनने कोणी आपले छायाचित्र घेऊ लागला की त्याचा वर गेलेला हात दिसतो, आपल्याला "नको" म्हणता येते. चष्म्यातला कॅमेरा मात्र नुसते पाहिल्यासारखा पाहतो. चित्रण चालू असल्याची खूण म्हणून एक बारीक दिवा ठेवतात, पण तो कोणाच्या लक्षात येणार? २०२४ साली अमेरिकेतील दोन विद्यार्थ्यांनी कॅमेऱ्याच्या चष्म्याला चेहरे ओळखणारी प्रणाली जोडली आणि रस्त्यातल्या अनोळखी माणसाचे नाव-गाव शोधून दाखवले. धोका दाखवण्यासाठीच त्यांनी तसे केले होते. चष्मा घालणाऱ्याने किंमत मोजलेली असते. समोरच्याला कोणी विचारले? तुमच्या वर्गातल्या कोणी असा चष्मा लावला, तर त्याच्याशी तुम्ही आजच्याइतके मोकळे बोलाल का?

मग हे चष्मे निरुपयोगीच का? मुळीच नाही. विमानातील शेकडो तारा जुळवणाऱ्या कामगाराचे दोन्ही हात गुंतलेले असतात. अशा कामासाठीच टॉम कॉडेल आणि त्यांचे सहकारी १९९० च्या सुमारास बोइंग कंपनीत डोळ्यांसमोर आकृती दाखवण्याच्या खटपटीत होते, आणि 'ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी' हे नाव तेव्हाचेच. मला स्वतःला मात्र दुसरा एक उपयोग अधिक मोलाचा वाटतो. ऐकू कमी येणारी मुलगी वर्गात बसली आहे, बाई शिकवीत आहेत आणि त्यांचे बोलणे तिच्या चष्म्यात अक्षरांनी उमटत आहे. ओठ वाचण्याचा ताण नाही, शेजारणीच्या वहीत डोकावणे नाही. बोलणे लिहून दाखवणारे चष्मे निघालेही आहेत. काही तर एकरंगी आहेत आणि त्यांत कॅमेरा मुळीच नाही. वर्गातल्या गोंगाटात आपल्याकडचे मराठी बोलणे त्यांना बिनचूक टिपता यायला हवे, आणि किंमत तिच्या आईवडिलांना पेलायला हवी. त्यासाठी हवेत नाचणारी रंगीत चित्रे लागत नाहीत. दोन ओळी पुरतात, आणि दोन ओळींना प्रकाशही थोडा लागतो आणि बॅटरीही.