कानात दोन सूर, डोक्यात तिसरा

रात्री झोप येईना म्हणून यूट्यूब उघडावं, तर ‘गाढ झोपेसाठी डेल्टा लहरी, आठ तास’ असले व्हिडिओ रांगेने हजर. चित्रात निळा चमकणारा मेंदू आणि खाली हर्ट्‌झचा आकडा. शास्त्रीय नाव बायनॉरल बीट्स. मीही ते अधूनमधून ऐकते आणि ऐकताना बरं वाटतं. पण त्या आकड्याच्या आडून जी आश्वासनं दिली जातात, ती जरा तपासून घ्यायला हवीत.

मुळात प्रकार खरा आहे. डाव्या कानात 200 हर्ट्‌झचा सूर सोडायचा आणि उजव्यात 206चा. हे दोन सूर बाहेर कुठे भेटत नाहीत, तरी डोक्याच्या मधोमध सेकंदाला सहा वेळा थरथरणारी घुमघुम ऐकू येते. एका कानातला इअरबड काढा, घुमघुम गायब! उरतो तो सपाट सूर. दोन्ही कानांकडचे संदेश मेंदूच्या देठात एकत्र येतात, तिथे हा ठोका जन्मतो. तानपुऱ्याची जोडी लावणाऱ्यांना असे हेलकावे नवे नाहीत. दोन तारांत किंचित फरक असला की नाद डुलतो, तारा जुळत आल्या की डुलणं मंदावतं. मात्र तिथे सूर हवेत मिसळतात, इथे मेंदूत. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख डोव्ह यांनी हे एकोणिसाव्या शतकातच टिपलं होतं. 1973 साली जेराल्ड ऑस्टर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यावर लेख लिहिला आणि विषय प्रयोगशाळेबाहेर पडला.

गडबड होते ती पुढे. गाढ झोपेत मेंदूच्या लहरी सेकंदाला चारपेक्षाही कमी असतात. मग तेवढाच ठोका ऐकवला की मेंदू मुकाट्याने त्या तालावर येईल, असा दावा. ऐकायला पटतं, पण पुरावा डळमळीत आहे. 2023 साली हा दावा तपासणाऱ्या 14 अभ्यासांचा आढावा घेतला गेला. पाचांचे निष्कर्ष दाव्याच्या बाजूचे, आठांचे विरुद्ध आणि एकाचे संमिश्र निघाले.

म्हणून सगळंच थोतांड का? तसंही नाही. 2005 साली भूल देण्याआधीच्या धास्तीवर एक चाचणी झाली, 108 रुग्णांवर. बायनॉरल ठोके असलेलं ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्यांची चिंता 26.3 टक्क्यांनी उतरली. तेच ध्वनिमुद्रण ठोक्यांविना ऐकणाऱ्यांची 11.1 टक्क्यांनी, तर काहीच न ऐकणाऱ्यांची 3.8 टक्क्यांनी. म्हणजे धास्तावलेल्या मनाला उतार पडू शकतो. मन निवलं तर झोपेची वाट सोपी होते, इतकं म्हणायला हरकत नाही. ‘अमुक हर्ट्‌झ लावा, तमुक आजार पळवा’ हे मात्र खुशाल सोडून द्या.

ऐकायचंच असेल तर हेडफोन हवाच. फोनच्या स्पीकरवर दोन्ही सूर हवेतच मिसळतात आणि बायनॉरल असं काही उरत नाही. फोनमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू असेल तर हेडफोन लावूनही तीच गत. आवाज अगदी हळू ठेवा. कुशीवर झोपणाऱ्यांना इअरबड टोचतो, त्यांनी अंथरुणावर पडण्याआधीच वीसेक मिनिटं ऐकून घ्यावं. टायमर लावा आणि फोन पालथा ठेवा. नाहीतर डेल्टा लहरी शोधता शोधता रील्समध्ये एक वाजतो. अपस्माराचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

आणि आठवड्यातून तीन-तीन रात्री तळमळत जात असतील, तेही तीन महिन्यांपासून, तर हा विषय हेडफोनचा राहिलेला नाही. जुनाट निद्रानाशावर झोपेच्या सवयी आणि झोपेविषयीचे विचार बदलणारी, सीबीटी-आय नावाची उपचारपद्धती पहिली सुचवली जाते. मोठमोठ्याने घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं असेल, तर तपासणी लांबवू नका. हेडफोनच्या किमतीआधी डॉक्टरांची वेळ विचारा.